शंभर वाऱ्या की अठ्ठ्याण्णव?

 

स्मरणिकेसाठी लिहा असं मंडळानं मला सांगितलं तेव्हा मी हात जोडले. मी चौथी शिकलेला माणूस. फडावर उभं राहून दोन तास बोलेन, पण कागदावर पाच ओळी उतरवायच्या म्हटलं की घाम फुटतो. तरी लिहितोय, कारण गेल्या पौषात देवळात जी बैठक झाली तिच्यात वाद निघाला आणि तो अजून मिटलेला नाही. वाद असा. आपली दिंडी १९२५ साली निघाली. त्या हिशेबानं २०२४ ची आषाढी ही शंभरावी वारी. पण एक जण उठून म्हणाला, "शंभर कुठं? वीस साली आन् एकवीस साली आपण घरात बसलो होतो. अठ्ठ्याण्णव म्हणा." कुणी हसलं, कुणी चिडलं. एका म्हाताऱ्या माउलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या दिवशी काही बोलता आलं नाही. जे बोलायचं होतं ते इथं लिहितो. त्यात माझी एक चूकही आहे, ती झाकणार नाही.

आधी मागचं थोडं सांगतो, कारण रोगराई आणि वारी यांची ओळख काही कोरोनात झालेली नाही.

माझा आजा दिंडी काढणाऱ्या पहिल्या अकरा जणांतला. गाठीचा प्लेग त्यानं पोरवयात पाहिलेला. घरात उंदीर मरून पडला की माणसं भांडीकुंडी उचलून रानात जायची. मांजरीचं गाव ओस, आणि मुळा-मुठेच्या काठानं मळ्यामळ्यात खोपटी. दोन दोन महिने तिथंच चूल, तिथंच भजन. कुणी पोलीस सांगायला आला नव्हता. गावानं आपल्या मनानं गाव सोडलं होतं. आजा म्हणायचा, घरावर माया होती म्हणून घर सोडलं.

पुणे शहरात मात्र तेव्हा निराळं चाललं होतं. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारनं साथीच्या रोगाचा कायदा केला आणि प्लेगच्या कामावर रँड नावाचा साहेब आणला. १३ मार्चपासून गोरे सोल्जर घरात शिरू लागले. चुलीपर्यंत, देवघरापर्यंत. बायाबापड्यांना बाहेर काढून तपासायचे, सामानसुमान जाळायचे, माणसं उचलून छावणीत न्यायचे. लोकमान्यांनी केसरीतून त्यावर कडक लिहिलं. पण ध्यानात घ्या माउली, तेच लोकमान्य पुणं सोडून गेले नाहीत, आणि प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडण्यात त्यांचा हात होता. रोग्याला वेगळं ठेवू नका असं त्यांचं म्हणणं नव्हतं. माणसाला जनावरासारखं हाकू नका, एवढं होतं. पुढं २२ जूनला गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच मार्चात आपल्या शिवेला लागून दुसरी गोष्ट घडली, ती कीर्तनात कमी सांगितली जाते. सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या डॉक्टर मुलाला, यशवंताला, बोलावून हडपसरला ससाणे मळ्यात प्लेगचा दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक पोर गाठीनं तापलेलं होतं. त्याला बाईंनी पाठीवर घेतलं आणि मळ्यापर्यंत आणलं. मुंढवा ते ससाणे मळा, आपण रोज भाजीची गाडी घेऊन जातो तोच मुलूख. पोर वाचलं. बाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. जोखीम त्यांनीही घेतलीच की! पण ती स्वतःच्या पाठीवर घेतली. आणि पोराला आणलं ते वस्तीबाहेरच्या मळ्यात, जिथून रोग पुढं जाऊ नये. मी हे दोन्ही एकत्र सांगतो. कुणी नुसतं पाठीवर घेतलेलं सांगतं, कुणी नुसता दवाखाना सांगतं.

मग १९१८ ला मानमोडी आली. आमच्या आज्याचा थोरला भाऊ आणि त्याची कारभारीण एका आठवड्यात गेले. अशी घरं उजाड झालेली माणसं पुढं सात वर्षांनी एकत्र बसली आणि त्यांनी दिंडी काढली. पटकीचा दाखला मला स्वतःला आठवतो. लहानपणी वारीच्या आधी दंडात सुई टोचून घ्यावी लागायची. दंड सुजायचा, दोन दिवस ताप यायचा. आई म्हणायची, पांडुरंगाच्या वाटेवरचा हा पहिला मुक्काम. त्या सुईला कुणी धर्मावरचं संकट म्हणाल्याचं मला आठवत नाही. कुरकुर मात्र सगळे करायचे.

आता २०२० वर येतो.

मार्चात पुण्यात पहिले रोगी सापडले. पंढरीचं देऊळ बंद झालं, मग सगळा देशच बंद. चैत्री वारी गेली. गंमत बघा, सरकारनं काढला तो कायदा १८९७ चाच होता. आमची कोथिंबीर, मेथी काढणीला आलेली. बाजार आज चालू तर उद्या बंद. दोन वाफे नांगरून टाकले, बाकीचं पहाटे तीनला उठून हडपसरच्या सोसायट्यांच्या दारात विकलं. तोंडाला उपरणं बांधून. लोक दोरीनं पिशवी सोडायचे आणि वरून म्हणायचे, "बाबा, लांब उभे राहा." मनाला लागायचं. पण पोट होतं, जावं लागायचं. सांगायचं म्हणजे जोखीम आम्ही रोज घेतच होतो. घरात बसा असं टीव्हीवर सांगणाऱ्याच्या ताटातली भाजी कुणी तरी घराबाहेर पडूनच आणलेली होती.

२९ मे ला पुण्यात बैठक होऊन ठरलं की यंदा पायी सोहळा नाही, पादुका विमानानं, हेलिकॉप्टरनं नाही तर एसटीनं जातील. आमच्या मळ्यात दुसऱ्या दिवशी दहा-बारा माणसं जमली. सगळ्यांत जास्त मीच बोललो. म्हणालो, भाजी विकायला जातो तेव्हा कोरोना होत नाही, आणि देवाला जाताना होतो का? माझा जीव माझा आहे, पांडुरंगाच्या वाटेवर गेला तर सोनं झालं. चार जणांनी जायचं, पताका न घेता, रात्रीचं चालायचं. तीन जण तयार झाले.

माझी सूनबाई आशा सेविका. दिवसभर घरोघरी फिरून कुणाला ताप आहे, कुणाला खोकला आहे ते लिहायची. ती भाकरी वाढताना म्हणाली, "मामा, तुम्ही गेलात तर मी उद्यापासून कुणाच्या दारात कुठल्या तोंडानं उभी राहू?" मी ताटावरून उठलो. कबूल करतो, तिचं मी ऐकलं नाही. बाईमाणसाचं, त्यात सुनेचं, असं मनात आलं असणार. माळ घातली म्हणून हे लगेच जात नाही.

थांबलो तो दुसऱ्यामुळं. वरवंडला आपल्या दिंडीचा मुक्काम तीन पिढ्या एकाच घरी असतो. त्या यजमानांचा फोन आला. आधी पाऊसपाण्याचं बोलले. मग आवाज खाली गेला. "माउली, एक मागणं आहे. यंदा येऊ नका. म्हातारी नव्वदीची आहे. तुम्ही दारात आलात तर मला नाही म्हणता येणार नाही, आणि ती तर तुमचे पाय धरल्याशिवाय ऐकणार नाही. म्हणून आधीच सांगतो." माणूस रडत होता.

मी फोन ठेवला आणि बांधावर जाऊन बसलो. तोवर मी माझा जीव, माझी वारी, माझा नेम एवढंच मोजत होतो. देहूपासून पंढरीपर्यंत आकुर्डी, लोणी, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर, अकलूज ही गावं चालणाऱ्यांची नाहीत. तिथं पिठलं-भाकरी करणाऱ्या, पाय चेपणाऱ्या, अंगण सारवून ठेवणाऱ्या माणसांची आहेत. ती दार उघडतात म्हणून वारी आहे. आणि वारकऱ्याला दार बंद करणं ज्याला जमत नाही, त्याच्या दारात कधी जाऊ नये हे वारकऱ्यानंच ओळखायला पाहिजे. मी तिघांना निरोप दिला, जायचं नाही.

३० जूनला दशमीला पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून गेल्या. एका गाडीत वीस माणसं. १ जुलैची एकादशी आम्ही टीव्हीवर पाहिली. पंढरीत संचारबंदी होती. वाळवंट रिकामं. महापूजेला मानाचा वारकरी म्हणून यंदा रांगेतला कुणी नव्हताच, तेव्हा देवळात वीणा घेऊन पहारा करणाऱ्या म्हाताऱ्या माउलींना तो मान मिळाला. ते बघून आमच्या नानांनी टीव्हीलाच हात जोडले.

नाना म्हणजे आपले वीणेकरी. नाव लिहीत नाही, त्यांनाच आवडलं नसतं. एक्केचाळीस वाऱ्या सलग. त्या आषाढात ते रोज पहाटे गळ्यात वीणा घालून उसाच्या बांधानं फेऱ्या घालायचे. लोणीच्या मुक्कामाच्या दिवशी तेवढ्या फेऱ्या, यवतच्या दिवशी तेवढ्या. पोरं हसायची. बेलवंडीच्या रिंगणाच्या दिवशी त्यांनी आपल्या बैलाभोवती पाच प्रदक्षिणा घातल्या. सावता महाराज अरणच्या मळ्यात राहिले आणि देव तिथं आला, असं मी शेकडो वेळा कीर्तनात सांगितलंय. नानांना बांधावर बघेपर्यंत मला ते नीट कळलं नव्हतं.

पण सगळं असं गोड नव्हतं, तेही लिहायला पाहिजे. भजन गरजेचं नाही, असं जे म्हणत होते त्यांना मी आजही चुकलेलं मानतो. आठ महिने देऊळ बंद, हरिपाठ बंद. आमच्या आळीतले एक म्हातारे टाळकरी बोलायचेच बंद झाले. जेवण टाकलं. डॉक्टर म्हणाले रोग काही नाही. रोग होता, पण तो त्यांच्या यंत्रात दिसत नव्हता. दारूची दुकानं देवळाच्या किती तरी आधी उघडली. हा हिशेब कुणी केला आणि कसा केला, हे विचारायचा हक्क आपल्याला होता.

दिवाळीच्या पाडव्याला देवळं उघडली. जानेवारीत आपल्या शेजारच्याच सीरमच्या कारखान्यातून लसीच्या गाड्या देशभर निघाल्या. २१ जानेवारीला तिथंच मांजरीच्या आवारात नव्या इमारतीला आग लागून पाच कामगार गेले. धूर आमच्या मळ्यातून दिसत होता. लस म्हटलं की मला आधी तो धूर आठवतो. जगाला वाचवणारी सुई आपल्या गावात भरत होती आणि आपण मात्र दोनदा रांगेत उभे राहून "संपली" ऐकून परत आलो. असो.

आता माझी चूक.

३० मार्च २०२१, तुकोबांची बीज. देहूला मोजक्याच माणसांत सोहळा होता. रोग परत वाढू लागलेला, जमावबंदी होती. मी ठरवलं, बिजेला भजन नाही म्हणजे फारच झालं. दुपारी बारा वाजता फुलं तर उधळायचीच. कांद्याच्या गोदामात बैठक घेतली. सतरा माणसं. आवाज रस्त्यापर्यंत जाऊ नये म्हणून शटर खाली ओढलं. दीड तास कीर्तन केलं. दाटीवाटीनं बसलेली माणसं, सगळ्यांच्या तोंडून नाम, शेवटी एकमेकांच्या पाया पडणं आणि उराउरी भेट. वर्षभरानं भेटलो होतो, कोण कुणाला थांबवणार?

पाचव्या-सहाव्या दिवशी ताप सुरू झाले. सतरातल्या नऊ जणांना. मलाही. नानांना दम लागला. दोन पोरं त्यांना घेऊन तीन दवाखाने फिरली, कुठं खाट नाही, कुठं ऑक्सिजन नाही. चौथ्या ठिकाणी मिळालं. अकराव्या दिवशी नाना गेले. देह घरी आला नाही. वीणा खुंटीवर होती.

गोदामात रोग कुणी आणला ते कधीच कळणार नाही. बाजारातून मीही आणला असेन. आणि नाना काही लहान मूल नव्हते. मी बोलावलं तरी ते आपल्या पायांनी, आपल्या खुशीनं आले. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, बिजेच्या दिवशी नाम घेऊन गेलो, अजून काय पाहिजे. हे मी मनाला पुष्कळदा सांगितलं. पण आक्का, म्हणजे नानांच्या मंडळी, भजनाला आल्याच नव्हत्या. त्यांना संधिवात, त्या घरीच होत्या. त्यांनाही झाला. त्या वाचल्या, पण आज चार पावलं चालल्या की धाप लागते. त्यांना कुणी विचारलं होतं? माझा जीव माझा, हे मी छाती ठोकून म्हणत होतो. पण कीर्तनात धृपद एकाच्या तोंडून सुटतं आणि ते सगळ्यांच्या तोंडी जातं, हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. श्वासाचंही तसंच असतं एवढं कळायला नाना जावे लागले.

आणखी एक रुखरुख आहे. तेच भजन आम्ही चिंचेखाली उघड्यावर, हात-हात अंतरानं, अर्धा तास केलं असतं तर? डॉक्टर सांगतात की मोकळ्या हवेत हा रोग कमी पसरतो. पण उघड्यावर बसलो असतो तर गुन्हा दाखल झाला असता, म्हणून आम्ही शटर ओढलं. बंदी सरसकट असली की माणूस लपतो, आणि लपण्याच्या जागा नेहमी कोंदटच असतात. चूक माझीच आहे, ती दुसऱ्यावर ढकलत नाही. पण नियम करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यायला हवं होतं.

त्याच एप्रिलात, १७ तारखेला, खुद्द पंढरपूर-मंगळवेढ्यात पोटनिवडणूक झाली. आधी सभा झाल्या, गर्दी झाली. हरिद्वारला कुंभ भरला होता. मी अंथरुणावर पडून हे टीव्हीवर पाहिलं. मग जुलैत पायी वारीला परत बंदी. मानाच्या दहा पालख्या, प्रत्येकी दोन एसटी, चाळीस माणसं, आणि वाखरीपासून थोडंसं चालणं. बंडातात्या कराडकर महाराज पायी चालण्यावर ठाम राहिले, त्यांना पोलिसांनी आळंदीतून उचलून करवडीला नेऊन ठेवलं. प्रकरण कोर्टातही गेलं, सुप्रीम कोर्टानंही परवानगी दिली नाही. तात्यांचं दुःख मला समजत होतं. मतांसाठी गर्दी चालते आणि नामासाठी चालत नाही, हा सवाल खोटा नव्हता. पण नानांची वीणा समोर लटकत असताना मला कुणाच्या बाजूनं घोषणा देता आली नाही. दोन्ही सुया घेतलेल्या पाच-दहा माणसांना, वाटेत कुणाच्या घरी न उतरता, प्रत्येक दिंडीतून चालू दिलं असतं तर बरं झालं असतं, असं माझं आजचं मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी भांडण नाही.

एका गोष्टीची नोंद राहावी. २०२१ ला गाव जूनअखेर महापालिकेत गेलं, पण त्याआधी ग्रामपंचायत असताना आपल्या दिंडीची भिशी, जी वारीसाठी जमलेली होती, तिचं धान्य आणि औषधं आणली. मंडळानं एकमतानं ठरवलं. वाटायला सूनबाई पुढं आणि मी पोती घेऊन मागं. बिजेनंतर तिनं मला एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं वाटलं असतं.

२०२२ ला पालख्या परत पायी निघाल्या. मांजरी फाट्यावर तुकोबांचा रथ दिसला तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं नुसती रडत होती. वीणा नानांच्या धाकट्या मुलानं गळ्यात घातली. तो कंपनीत नोकरीला, आठ दिवसांची रजा काढून आला होता. आक्का सामानाच्या ट्रकवर बसून आल्या. वरवंडला पोचलो तर ती नव्वदीची म्हातारी, आता ब्याण्णवची, काठी टेकत दारात उभी. आम्हाला बघून आधी शिव्या दिल्या, "दोन वर्सं कुटं मेला व्हता रं?" मग पाया पडली. यजमान माझ्याकडं बघत होते. आम्ही दोघंही काही बोललो नाही. पंगतीत तिनं नानांचं पान मांडलेलं होतं, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दिंडीची वही माझ्याकडं असते. दर वर्षी चालणाऱ्यांची नावं, भिशी, मुक्काम लिहायचा रिवाज आहे. जुन्या दोन वह्या वाळवीनं खाल्ल्या, बाकीच्या शाबूत आहेत. बैठकीतल्या वादानंतर मी ती दोन पानं उघडली. २०२० च्या पानावर नानांच्या हातचं लिहिलंय: लोणी, यवत, वरवंड, सगळे मुक्काम तारखेसकट, आणि चालणाऱ्यांत एकच नाव, त्यांचं. पुढं कंसात "बांधानं". २०२१ चं पान कोरं होतं. त्यावर मी परवा बिजेच्या सतरा माणसांची नावं लिहिली, अठरावं आक्कांचं. मुक्काम या रकान्यात गोदाम असं लिहिलं. भिशी: नऊ पोती गहू, चार पोती तांदूळ, औषधं. वही देवळात ठेवली आहे. शंभर म्हणायचं की अठ्ठ्याण्णव, ते पानं बघून मंडळानं ठरवावं.